घट, सड आणि कोंब : घरचा उन्हाळ कांदा राखण्याचा प्रश्न

निफाड तालुक्यात मामांच्या वावराच्या कडेला कांद्याची चाळ आहे. चाळीस फूट लांब, वर सिमेंटचे पत्रे, बाजूंना बांबूच्या पट्ट्या. ऑगस्टमध्ये तीन-चार दिवसांची झड लागून उघडली की मामी सकाळी चहाच्याही आधी चाळीपाशी जाते. आधी पट्ट्यांना नाक लावून ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाते. जिथे आंबूस वास येतो तिथे थांबते आणि फटीतून हात घालते. चांगला कांदा हाताला कोरडा लागतो, त्याची पत्ती खसखसते. सडलेल्यात बोट रुततं. तो एक बाहेर काढला की त्याला चिकटलेले चार-पाच ओले झालेले असतात, आणि मामीच्या बोटांना काळी भुकटी लागलेली असते. या भुकटीला आमच्याकडे काजळी म्हणतात.

एप्रिलमध्ये काढलेला हा कांदा विकायचा कधी, तोवर ठेवायचा कसा, आणि ठेवून जे उरतं त्यात फायदा किती, हा नाशिक जिल्ह्यातल्या हजारो घरांचा दरवर्षीचा प्रश्न आहे. चाळ, विकिरण, शीतगृह, निर्जलीकरण, सरकारी राखीव साठा अशी त्याची अनेक उत्तरं गेल्या पाच दशकांत पुढे आली. प्रत्येकाचे समर्थक आहेत आणि प्रत्येकाच्या मर्यादाही समोर आल्या आहेत. ही उत्तरं आज कुठे उभी आहेत ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

कोणता कांदा टिकतो

शहरातल्या वाचकासाठी आधी एक फरक सांगायला हवा. खरिपातला लाल कांदा दिवाळीच्या आगेमागे बाजारात येऊ लागतो. त्यामागून रांगडा येतो. या दोन्हींत पाणी जास्त आणि पत्ती पातळ, म्हणून ते काढले की विकावेच लागतात. डिसेंबर-जानेवारीत लावलेला आणि एप्रिल-मेमध्ये काढलेला उन्हाळ कांदा मात्र टिकतो. देशाच्या एकूण कांद्यात रब्बीचा वाटा ६० ते ७० टक्क्यांच्या घरात आहे. मे सरला की नवीन लाल कांदा येईपर्यंतचे पाच-सहा महिने देशाचं स्वयंपाकघर मुख्यतः याच साठवलेल्या कांद्यावर चालतं. म्हणजे मामांच्या चाळीत काय घडतं याचा संबंध थेट दिल्लीतल्या भाजीवाल्याच्या पाटीशी आहे.

टिकाऊपणाचा हा गुण काही आपोआप आलेला नाही. साठवणीसाठी आजही ज्याचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं ते ‘एन-२-४-१’ हे वाण याच पट्ट्यातलं. पिंपळगाव बसवंत आणि निफाडच्या संशोधन केंद्रांचं कांद्यावरचं काम जुनं आहे. खरिपाच्या ‘बसवंत ७८०’ या वाणाच्या तर नावातच गाव आहे. १९७७मध्ये नाफेड या सहकारी पणन संस्थेच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या संस्थेचं पुढे राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान झालं. ‘अॅग्रिफाउंड लाइट रेड’ हे तिचं रब्बीचं वाण सर्वदूर पोचलं. कांदा-लसणाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही १९९४मध्ये आधी नाशिकलाच सुरू झालं. १९९८मध्ये ते पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला गेलं आणि तिथून ‘भीमा किरण’, ‘भीमा शक्ती’ ही वाणं आली. लासलगावच्या कांद्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

नुकसान एक नाही, तीन आहेत

साठवणीवरच्या चर्चेत ‘नासाडी’ हा एकच शब्द वापरला जातो आणि गोंधळाला तिथेच सुरुवात होते, असं माझं मत आहे. चाळीतला कांदा तीन वेगळ्या वाटांनी जातो.

पहिली वाट घटीची. कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, त्यातलं पाणी उडतं. एप्रिलमध्ये भरलेल्या शंभर किलोंतले वीस-पंचवीस किलो चार-पाच महिन्यांत असे निघून जातात. काही फेकावं लागत नाही, वासही येत नाही. फक्त वजनकाट्यावर आकडा कमी दिसतो. दुसरी वाट सडीची. काळी बुरशी, मानकुज, जिवाणूंमुळे होणारी मऊ सड. हिचा वाटा साधारण दहा-बारा टक्के धरतात; पावसाळा वाईट गेला तर कितीही. तिसरी वाट कोंबांची. काढणीनंतर कांदा काही महिने सुप्तावस्थेत असतो. ती संपली की आतला कोंब वाढू लागतो. हे नुकसान सरासरीत चार-पाच टक्केच दिसतं. मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते झपाट्याने वाढतं.

तिन्हींचे शत्रू वेगळे, आणि कधी कधी एकाचा शत्रू दुसऱ्याचा मित्र. हवा दमट असली की घट कमी होते, पण सड वाढते. हवा फार कोरडी असली तर सड थांबते, पण पत्ती तडकून गळते आणि घट वाढते. तापमानाचं तर आणखी विचित्र आहे. कोंब सर्वांत वेगाने फुटतात ते १० ते २० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. त्याच्या खाली, शून्य ते दोन अंशांवर, कांदा झोपून राहतो. आणि वर, २५ ते ३० अंशांवरही तो झोपलेलाच असतो. म्हणून टिकवण्याच्या दोन जागा आहेत, एक थंड आणि एक उष्ण. युरोपने थंड जागा निवडली. आपल्या चाळी उष्ण जागेवर उभ्या आहेत: २५ ते ३० अंश आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता. मे महिन्यात नाशिकची हवा याहून तापते आणि कोरडीही असते. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान जमतं, पण आर्द्रता नव्वदीला टेकते. मामीचं नाक याच दिवसांत लागतं.

वावरातच निम्मा निकाल

साठवणीच्या बहुतेक अभ्यासकांचं आणि जुन्या शेतकऱ्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे: चाळीत कांदा जाण्याआधीच त्याचं आयुष्य बऱ्याच अंशी ठरलेलं असतं. नत्र उशिरा आणि जास्त दिलं की कांदा फुगतो, मान जाड राहते. जाड मानेचा कांदा लवकर मिटत नाही आणि त्याच वाटेने बुरशी आत शिरते. काढणीच्या पंधरा-वीस दिवस आधी पाणी तोडावं लागतं. निम्म्या पिकाच्या माना पडल्या की काढणी. मग कांदा तीन दिवस वावरातच, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा पसरायचा, म्हणजे ऊन कांद्याला न लागता पातीला लागतं. त्यानंतर इंच-दीड इंच मान ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवायचा. जोड कांदा, डोंगळ्याचा (फुलाचा दांडा आलेला), कापलेला आणि गोल्टी, म्हणजे अगदी लहान कांदा, आधीच बाजूला काढून विकून टाकायचा.

हे सगळं लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात एप्रिल अखेरीस वळवाचे ढग दाटतात. मजूर तर त्या आठवड्यात सगळ्यांनाच हवे असतात. सावलीत बारा दिवस पसरायला जागाही लागते. शंभर क्विंटल कांदा पसरायला किती सावली लागेल याचा अंदाज ज्याने ते काम केलं त्यालाच येईल. त्यामुळे अनेकदा ओलसर मानेचा कांदा थेट चाळीत पडतो आणि पुढे दोष चाळीला दिला जातो. पीक उभं असताना मॅलिक हायड्राझाइडची फवारणी केल्यास कोंब रोखले जातात, हे अनेक देशांत माहीत आहे. सड आणि घटीवर मात्र तिचा उपाय नाही, आणि खाण्याच्या वस्तूवर आणखी एक रसायन नको हा आक्षेपही आहेच.

चाळ

जुन्या काळी कांदा घराच्या पडवीत, माळ्यावर किंवा वावरात ढीग घालून वर पाचट टाकून ठेवत. ढिगाच्या पोटात ऊब साठायची आणि आतला कांदा शिजल्यासारखा व्हायचा. हवेशीर चाळीने हे बदललं. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, खालून हवा खेळती, बाजूंना फटी, ढिगाची रुंदी चार फुटांच्या आसपास आणि उंची चार ते पाच फूट. रुंदी त्याहून वाढवली की हवा मधोमध पोचत नाही. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर बांधावी आणि दोन पाखी पूर्व-पश्चिम, ही शिफारस वारा आणि ऊन दोन्हींचा विचार करून आलेली आहे.

चाळीच्या बाजूचं म्हणणं साधं आहे. ती वीज खात नाही, घराशेजारी असते, बांबू-लाकडातही होते, आणि कांदा शेतकऱ्याच्या ताब्यात राहतो. २५ टनांच्या चाळीला पावणेदोन लाख रुपये खर्च धरून निम्मं अनुदान, म्हणजे टनामागे साडेतीन हजार रुपये, हा सरकारी हिशेब बरीच वर्षं चालला. त्या योजनेमुळे जिल्ह्यात गावोगावी चाळी उभ्या राहिल्या. अनेक ठिकाणी मात्र शिफारशीपेक्षा रुंद चाळी बांधल्या गेल्या आणि सहा-सात फुटांपर्यंत कांदा भरला गेला. कारण जागा तेवढीच आणि कांदा जास्त.

चाळीच्या मर्यादेवरही दुमत नाही: बाहेर जी हवा, तीच आत. ती झड थांबवू शकत नाही. म्हणून गेल्या काही वर्षांत तळातून पंख्याने हवा सोडणं, छतावर वाऱ्याने फिरणारे पंखे बसवणं असे प्रयोग चालू आहेत. लासलगाव भागातून पुढे आलेल्या ‘गोदाम इनोव्हेशन्स’ या उपक्रमाने सडू लागलेल्या कांद्यातून निघणारे वायू हेरून फोनवर इशारा देणारं यंत्र विकसित केलं. मला ही दिशा आवडते, कारण ती मामीचं नाक मोडीत काढत नाही. ढिगाच्या पोटात जिथे ते नाक पोचत नाही, तिथलं सांगते. पण इशारा मिळाल्यावर ढीग उपसायला माणसं लागतातच, आणि पावसाळ्यात खुरपणीच्या दिवसांत ती मिळणं हा प्रश्न यंत्राने सुटत नाही.

किरणांचा उपाय

३१ ऑक्टोबर २००२ रोजी लासलगावला ‘कृषक’ हे विकिरण केंद्र राष्ट्राला अर्पण झालं. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते उभारलं. कोबाल्ट-६०मधून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडले की आतल्या कोंबाच्या पेशींचं विभाजन थांबतं. मात्रा अगदी कमी, ६० ते ९० ग्रे. या क्रियेने कांदा किरणोत्सारी होत नाही. एक्स-रे काढल्यावर माणूस होत नाही तसाच. भारतात कांदा-बटाट्याच्या विकिरणाला १९९४मध्येच परवानगी मिळाली होती.

समर्थकांचं म्हणणं असं की सप्टेंबरनंतर जो कोंबांचा लोंढा येतो तो यामुळे पूर्ण थांबतो, रसायन लागत नाही आणि शीतगृहाची जोड दिली तर कांदा पुढच्या वर्षीच्या काढणीच्या जवळ नेता येतो. २०२३मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने १५० टन कांद्यावर प्रायोगिक विकिरण केलं. २०२४मध्ये राज्य सरकारने ज्येष्ठ अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांच्या सहभागाने ‘कांदा महाबँक’ उभारण्याची घोषणा केली आणि त्या योजनेच्या केंद्रस्थानी विकिरणच होतं.

शंका घेणाऱ्यांचे मुद्देही ठोस आहेत. विकिरण कोंब थांबवतं. सड आणि घट थांबवत नाही. हाताळणीत कांदा दबला तर सड वाढूही शकते, आणि इथे हाताळणी दुप्पट होते: वावरातून केंद्रात, केंद्रातून साठ्यात. वेळेचं बंधन आहे. सुप्तावस्था मोडण्याआधी, म्हणजे काढणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, किरण द्यावे लागतात. नेमकी तीच जिल्हाभराच्या काढणीची वेळ. ‘कृषक’ची क्षमता ताशी सुमारे दहा टनांची. दिवसरात्र दोन महिने चालवलं तरी चौदा-पंधरा हजार टनांच्या पुढे जाणार नाही, आणि केंद्र सरकारचा राखीव साठाच अलीकडे तीन ते पाच लाख टनांचा असतो. २००७मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं तेव्हा आंब्यातली कीड रोखण्यासाठी हेच लासलगावचं केंद्र कामी आलं. कांद्यासाठी बांधलेली वास्तू हापूसने नावारूपाला आणली. आंब्याला परदेशात जो दर मिळतो तो विकिरणाचा खर्च सोसतो. किलोला बारा रुपयांचा कांदा तो सोसतो का, हा वाद तिथे येऊन थांबलेला आहे.

थंड साठा

शीतगृहाबद्दल शहरात मोठी आशा असते. शून्य ते दोन अंश, कोरडी हवा, आणि घट-सड-कोंब तिन्हींवर एकदम लगाम. तांत्रिकदृष्ट्या ते खरं आहे. अडचण बाहेर काढताना येते. थंड कांदा नाशिकच्या सप्टेंबरच्या हवेत आणला की त्याला घाम फुटतो, पत्ती ओली होते, आणि झोपेतून उठल्यासारखे कोंब जोराने फुटतात. तो हळूहळू कोमट करून, वाळवून मगच गोणीत भरावा लागतो आणि लगेच विकावा लागतो. वीज अखंड हवी. बटाट्यासाठी बांधलेल्या शीतगृहात कांदा ठेवला तर तिथली दमट हवा त्याला मानवत नाही. प्राणवायू कमी करून नियंत्रित वातावरणात साठवण्याचे प्रयोग हे याच मार्गाचं पुढचं पाऊल आहे. ते मोठ्या संस्थेला किंवा निर्यातदाराला परवडेल, एकट्या घराला नाही. गावच्या शेतकरी कंपनीने सामायिक थंड साठा करावा ही कल्पना मांडली जाते आणि ती मला विचारात घेण्याजोगी वाटते. पण कोणाचा कांदा आधी बाहेर काढायचा, हे ठरवणारी पद्धत आधी बसवावी लागेल.

वाळवण: कारखान्यातलं आणि अंगणातलं

जास्तीच्या कांद्यातलं पाणीच काढून टाकलं तर साठवणीचा प्रश्न उरत नाही. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातलं महुवा हे निर्जलीकरणाचं मोठं केंद्र आहे. जळगावच्या जैन उद्योगसमूहाने पांढऱ्या कांद्याची करार शेती उभी केली. नाशिकच्या लाल कांद्याला मात्र हा दरवाजा अर्धाच उघडा राहिला. कारखान्याला घन पदार्थ जास्त असलेला पांढरा कांदा हवा असतो. आपल्या कांद्यात घन भाग कमी, साधारण अकरा-तेरा टक्के, म्हणजे एक किलो वाळलेल्या चकत्यांसाठी आठ-दहा किलो कांदा, आणि वाळल्यावर रंग तपकिरी. छत्रपती संभाजीनगर भागातल्या महिला शेतकऱ्यांना सौर वाळवणी यंत्रं देऊन त्यांचा माल खाद्य कंपन्यांना पोचवणाऱ्या ‘एस फोर एस टेक्नॉलॉजीज’ला २०२३चं अर्थशॉट पारितोषिक मिळालं. त्यामुळे हा मार्ग घराच्या आवाक्यात येऊ शकतो, अशी नवी चर्चा सुरू झाली.

खरं म्हणजे तो घराच्या आवाक्यात कायमच होता. मे महिन्यात मामीच्या गच्चीवर जुन्या लुगड्यावर कांद्याच्या पातळ चकत्या पसरलेल्या असतात. दोन-तीन कडक उन्हांत त्या कागदासारख्या होतात. मुठीत घेऊन दाबल्या की मोडल्या पाहिजेत, वाकल्या तर अजून एक ऊन. हा कांदा तेलात तांबूस तळून, सुकं खोबरं, धणे, मिरचीबरोबर कुटून काळ्या मसाल्यात जातो. कारखान्याला नको असलेला तपकिरी रंग या मसाल्याला हवाच असतो. चाळीत न जाणारी गोल्टी आणि जोड कांदा इथे खपतो, वरची पत्ती सोडली तर काही वाया जात नाही. पुढे आषाढ शुद्ध नवमीला, चातुर्मास लागण्याआधी, कांदेनवमी येते. ज्या घरांत चार महिने कांदा वर्ज्य, तिथे त्या दिवशी भजी, थालीपीठ, झुणका, कांद्याची भाजी असा कांद्याचाच बेत होतो. पंचांगातला हा दिवस पावसाच्या तोंडावर, पहिल्या सडीच्या हंगामात येतो. या दोहोंचा संबंध कोणी मुद्दाम जोडला का हे मी सांगू शकत नाही, पण चाळ असलेल्या घरात त्या दिवशी पाटीभर ओलसर कांदा सत्कारणी लागतो हे पाहिलेलं आहे.

अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला २०२१मध्ये मानांकन मिळालं, पातीसकट विणून माळा करून टांगतात. घरापुरत्या साठ्याला याहून चांगली रीत मला माहीत नाही: प्रत्येक कांद्याला चारी बाजूंनी हवा. आमच्याकडे पात वावरातच कापली जाते म्हणून ही रीत रुजली नाही. मामा घरच्या खाण्यापुरता कांदा चाळीच्या वाऱ्याकडच्या टोकाला वेगळा, दोन फुटांहून कमी उंचीचा ठेवतात. तो सर्वांत शेवटी संपतो.

ठेवावा की विकावा

तंत्राच्या या सगळ्या मार्गांच्या तळाशी पैशांचं एक गणित आहे. समजा मे महिन्यात शंभर क्विंटल कांद्याला १,२०० रुपये दर आहे. हाती १ लाख २० हजार येतील. तो चाळीत ठेवला आणि ऑक्टोबरमध्ये सत्तर क्विंटल उरला, तर तेवढेच पैसे यायला दर १,७१४ रुपये हवा. निवडीची मजुरी, चाळीचा खर्च आणि पाच महिने अडकलेली रक्कम धरली तर आणखी वर. म्हणजे दर दीडपट झाला तरच ठेवण्याला अर्थ.

आणि तो दर कशावर ठरतो याचा अंदाज चाळीत उभं राहून येत नाही. १९९८मध्ये दिल्लीच्या निवडणुकीत कांद्याचा भाव गाजला, तेव्हापासून तो कोणत्याही सरकारच्या नजरेआड झालेला नाही. नोव्हेंबर २०१८च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकून आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना पाठवून दिले होते. २०२३च्या सुरुवातीला दर कोसळले तेव्हा राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ला बंदी उठली, शुल्क राहिलं. सप्टेंबरमध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५पासून रद्द झालं.

शेतकरी संघटनांची भूमिका, जी शरद जोशींच्या १९८०च्या नाशिक आंदोलनापासून मुळात बदललेली नाही, अशी की साठवणुकीचा धोका शेतकरी घेतो, घट त्याची, सड त्याची. मग दर चढण्याच्या नेमक्या वेळी निर्यात थांबवली तर साठवणुकीला अर्थच राहत नाही. सरकारी बाजूचं म्हणणं असं की कांदा गरिबाच्या ताटातला आहे, ऑगस्ट ते नोव्हेंबरचा खड्डा भरला नाही तर महागाई सगळ्यांना लागते, आणि म्हणूनच नाफेड व एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत मे-जूनमध्ये खरेदी करून राखीव साठा ठेवायचा. त्या खरेदीने काढणीच्या वेळी दरालाही आधार मिळतो. व्यापारी म्हणतात की धोरण वारंवार बदलल्याने परदेशी गिऱ्हाईक दुसऱ्या देशांकडे वळतं आणि परत येत नाही. तिन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी आहेत. साठवणीच्या दृष्टीने मला एवढंच नोंदवायचं आहे की चाळ, किरण की शीतगृह, यांपैकी कशात गुंतवणूक करावी याचा निर्णय शेतकरी तापमानावरून जेवढा घेतो त्याहून जास्त पुढच्या पाच महिन्यांच्या धोरणाच्या अंदाजावरून घेतो.

काय उलगडलेलं नाही

पहिली गोष्ट मोजमापाची. तीस टक्के, चाळीस टक्के असे नासाडीचे आकडे सहज फेकले जातात, पण त्यात घट किती, सड किती, कोंब किती हे सांगितलं जात नाही. ते वेगळं केल्याशिवाय कोणता उपाय किती वाचवतो हे कळणार नाही. मोठा भाग घटीचा असेल तर कोट्यवधींचं विकिरण केंद्र त्याला हात लावणार नाही. सडीचा असेल तर वावरातल्या सुकवणीसाठी गावोगावी साध्या सावलीचे मांडव उभारणं अधिक कामाचं ठरेल. या मांडवांवर मला वाटतं तेवढा विचार झालेला नाही.

दुसरी गोष्ट बदलत्या हवेची. मार्च-एप्रिलमधला अवकाळी आणि गारपीट काढणीच्या तोंडावरच येते. गारेचा मार बसलेला कांदा बाहेरून बरा दिसतो आणि जूनमध्ये चाळीत बसतो. चाळीच्या सगळ्या शिफारशी कोरड्या काढणीच्या गृहीतावर उभ्या आहेत. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये कांद्याच्या साठवणुकीसाठी नव्या तंत्रांचं आव्हान खुलं केलं, त्यातून आलेल्या कल्पना अशा ओल्या हंगामात किती टिकतात हे अजून गावपातळीवर दिसायचं आहे.

तिसरी गोष्ट बियाण्याची, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. ऑक्टोबरअखेर चाळ रिकामी होते तेव्हा मामा तळाशी उरलेल्यांतून हाताने कांदे निवडतात: मान दोऱ्यासारखी बारीक, पत्ती दुहेरी, कोंब नाही, दाबला तर दगडासारखा. असे दोन-अडीच पाट्या कांदे ते विहिरीजवळच्या वाफ्यात डोंगळ्यांसाठी लावतात. एप्रिलमध्ये त्यांचं बी निघतं आणि पुढच्या वर्षी घरचंच उळं पडतं. जे सहा महिने चाळीत टिकले त्यांचीच ही संतती. विकतचं बी अधिक एकसारखं येतं, उताराही बरेचदा जास्त देतं, आणि घरचं बी बाजूच्या वावरातल्या डोंगळ्यांच्या परागांनी मिसळतं, अशी तक्रार रास्त आहे. पण चाळीने गाळून दिलेलं हे बी टिकण्यात खरोखर सरस ठरतं का, याची नीट तुलना एकाच वावरात, एकाच चाळीत, दोन हंगाम करायला हवी. यंदा मामांनी अर्ध्या वाफ्याला खुणेच्या काड्या रोवल्या आहेत. चाळीतही त्यांच्यासाठी पट्ट्या ठोकून वेगळा कप्पा केलेला आहे.